लग्नाचं फुटेज जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर नेताना

"ताई, केवढा पेनड्राइव्ह घेऊ?"

नवं मशिन घेतलेल्या फोटोग्राफरचा मला येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. आपल्याकडच्या अनेक स्टुडिओंतली जुनी मशिनं विंडोज ११ घेत नाहीत, त्यामुळे नवीन खरेदी वाढली आणि हे फोनही वाढले. पेनड्राइव्ह कुठला घ्यायचा हा प्रश्न मात्र यात फार शेवटी येतो. त्याआधी काय न्यायचंय, जुनी डिस्क कशी आहे, दोन मशिनांमधला रस्ता किती रुंद आहे आणि पोचलेला माल पूर्ण पोचला हे कसं कळणार, हे ठरवावं लागतं. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवते.

मी सोलापुरात पूर्व भागात राहते आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, पंढरपूर अशा सगळीकडून डिस्का माझ्याकडे येतात. लग्न, बारसं, साठीशांत आणि जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. फोर-के फुटेज शंभर मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने शूट केलं तर एका तासाला साधारण ४५ जीबी होतात. या यात्रेत संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला दोन कॅमेरे लावले आणि सातही नंदीध्वजांची मिरवणूक त्याच दिवशी घेतली, की एका दिवसाचा डेटा काही शे जीबीत जातो. ऑफिसची वर्ड-एक्सेलची कागदपत्रं नेणं आणि हे नेणं यांत मोठा फरक आहे. कागदपत्रं कशीही गेली तरी जातात. दोन टीबी फुटेज बेत करूनच न्यावं लागतं.

आधी सामान आवरा

प्रत्येक मोठ्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा आणि साइज एका कागदावर लिहा. कागदावरच लिहा, कारण हेच आकडे शेवटी तपासायला लागतात. साइजसोबत फाइल्सची संख्याही लिहा. इथे एक शंका नेहमी येते, ती आत्ताच दूर करते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि दोन टीबीची १.८१ टीबी. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत. दुकानदाराने फसवलेलं नसतं. पण जुन्या डिस्कवर १.७ टीबी भरलेलं असेल तर नवी दोन टीबीची घेऊन काम भागेल असं समजू नका. ती पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेली राहील.

मोजून झालं की नेण्यासारखं नाही ते बाजूला काढा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश (कामापुरत्या साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स), प्रिव्ह्यू फाइल्स, प्रॉक्सी म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, हे सगळं नव्या मशिनवर पुन्हा तयार होतं. वर्षानुवर्षं न साफ केलेली कॅश शंभर जीबीच्या पुढे गेलेली मी बऱ्याच मशिनांवर बघितली आहे. ती प्रीमियरमधूनच, प्रेफरन्सेसच्या मीडिया कॅश पानावरून पुसा. हाताने फोल्डर उडवायला जाऊ नका, नावं सारखी दिसतात आणि नको ते जातं.

आता उलट बाजू. आपण डी आणि ई ड्राइव्ह बघतो आणि सी ड्राइव्ह विसरतो. घाईत डेस्कटॉपवर उतरवलेलं कार्ड, डाउनलोड्समध्ये पडलेली गाणी, डॉक्युमेंट्समध्ये प्रीमियरने आपोआप ठेवलेल्या ऑटोसेव्ह, हे सगळं सी वर असतं. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर फाइलच्या चिन्हाजवळ बारीक ढग दिसतो का बघा. ढग असेल तर ती फाइल त्या मशिनवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. तिच्यावर राइट क्लिक करून ती कायम या मशिनवर ठेवायचा पर्याय निवडा, पूर्ण उतरू द्या, मग पुढे चला.

डिस्कची तब्येत

हा भाग कोणी करत नाही आणि मला सगळ्यात महत्त्वाचा हाच वाटतो. दोन टीबी एका दमात वाचून काढणं हे जुन्या हार्ड डिस्कला आयुष्यातलं सगळ्यात जड काम असतं. आधीच कुरकुरणारी डिस्क नेमकी तेव्हाच बसते.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर जुन्या मशिनवर टाका. ते डिस्कच्या आतली स्मार्ट नावाची नोंदवही उघडून दाखवतं. त्यात दोन ओळी बघायच्या: रिअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर. दोन्हींचा मूळ (रॉ) आकडा शून्य असेल तर निवांत पुढे जा. पहिल्याचा आकडा थोडा असेल आणि वाढत नसेल तर डिस्क म्हातारी झाली आहे, पण चालेल. दुसऱ्याचा आकडा शून्यापेक्षा जास्त असेल, तर डिस्कला काही जागा आत्ताच वाचता येत नाहीयेत असा त्याचा अर्थ.

अशा डिस्कवर चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग करू नका. "आधी दुरुस्त करून घेऊ, मग कॉपी करू" हा विचार अशा वेळी महागात पडतो, कारण दुरुस्तीच्या नावाखाली ती डिस्क सगळीकडून खरवडली जाते. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते फुटेज आधी काढा. ज्याची डिलिव्हरी झाली आहे ते नंतर. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल तर मशिन बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. बंद करून पुन्हा चालू करून बघायची इच्छा होते. तेवढी आवरा.

रस्ता कुठला

दोन मशिनांमधला वेग सगळ्यात हळू भागावर ठरतो. नवी डिस्क कितीही वेगवान असू दे, मधली केबल जुनी असेल तर वेग केबलचाच मिळणार. एक टीबीसाठी मी मनात हा हिशोब धरते. यूएसबी २ पोर्टमधून प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे जवळपास आठ तास. गिगाबिट लॅन केबलमधून ११० च्या आसपास, म्हणजे अडीच तास. तीच लॅन शंभर मेगाबिटवर अडकली तर सेकंदाला ११ एमबी, म्हणजे २५ तास. यूएसबी ३ च्या पोर्टला लावलेली साधी हार्ड डिस्क चांगल्या दिवशी १०० ते १३० देते. हे मोठ्या फाइल्सचे आकडे झाले. लग्नाच्या फोटोंच्या हजारो बारीक जेपीजी असतील तर वेग याच्या अर्ध्यावरही येतो, कारण प्रत्येक फाइल उघडून बंद करायला वेळ जातो.

इंटरनेटवर चढवून दुसरीकडे उतरवायचा विचार इतक्या मोठ्या डेटाला सोडून द्या. चढवण्याचा वेग खरोखर शंभर मेगाबिट मिळाला तरी एक टीबी चढायला २२ तास लागतात, आणि उतरवणं वेगळं. वायफायवरून दोन-चार जीबी पाठवायला हरकत नाही, दोन टीबी नाही.

आणखी एक. दोन्ही टोकांना सारखीच चौकोनी पिन असलेली साधी यूएसबी केबल घेऊन दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडू नका. त्यातून डेटा जात नाही, उलट दोन्हीकडून वीज येऊन पोर्ट जळू शकतं. दोन मशिनं यूएसबीने जोडायची वेगळी ट्रान्सफर केबल मिळते, तिच्या मधोमध चिप असते.

डेस्कटॉपवरून डेस्कटॉपवर जायचं असेल तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे जुनी डिस्क काढून नव्या कॅबिनेटमध्ये बसवणं. दोन्ही मशिनं बंद करा, प्लग काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. डिस्कला दोन केबली असतात, चपटी रुंद विजेची आणि अरुंद डेटाची. नव्या मदरबोर्डवर साटा पोर्ट मोकळं आहे का आधी बघा. चालू केल्यावर डिस्क आणखी एक ड्राइव्ह म्हणून दिसते आणि आतल्या आत कॉपी होते. जुन्या युजरचं फोल्डर उघडताना परवानगी नाही असं विंडोज म्हणेल. कंटिन्यू दाबा आणि थोडं थांबा.

लॅपटॉपची डिस्क काढली तर साटा टू यूएसबी कन्व्हर्टर लागतो. अडीच इंची डिस्क त्यावर तशीच चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेलाच कन्व्हर्टर घ्या. डिस्क काढण्याआधी जुन्या मशिनवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला घातलेलं विंडोजचं कुलूप, चालू आहे का बघा. असेल तर ती डिस्क दुसऱ्या मशिनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. जुनं मशिन चालू आहे तोवर ती शोधून लिहून ठेवा.

लॅन केबलने थेट जोडणी

डिस्क उघडायची नसेल तर माझी पसंती याला. राउटर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि केबल नवी पेठेत काही शे रुपयांत मिळते. कॅट फाइव्ह ई किंवा कॅट सिक्स अशी छापलेली घ्या. दोन कॉम्प्युटर थेट जोडायला क्रॉस केबल लागते असं जुने लोक सांगतात, पण गिगाबिट पोर्टांना आता ती गरज नाही, ते आपापलं जुळवून घेतात. नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नसेल तर यूएसबी ३ चा गिगाबिट अडॅप्टर घ्या. स्वस्तातले काही अडॅप्टर शंभर मेगाबिटचे असतात, खोक्यावर वाचून घ्या.

केबल लावली की नेटवर्कच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसला पाहिजे. १०० दिसत असेल तर दहातल्या नऊ वेळा दोष केबलचा असतो. गिगाबिटला आठही तारा लागतात आणि एखादी तार तुटलेली असली तरी केबल शंभरवर चालत राहते, त्यामुळे कोणाला कळत नाही. "रात्रभर ठेवलं तरी संपेना" म्हणून फोन येतात, त्यांतल्या कितीतरी वेळा केबल बदलल्यावर काम झालंय.

आता नेटवर्कच्या सेटिंगमध्ये दोन्ही मशिनांना हाताने आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, द्या. जुन्याला १९२.१६८.५०.१ आणि नव्याला १९२.१६८.५०.२, दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा सोडा. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे. नेटवर्कचा प्रकार पब्लिक असेल तर तो प्रायव्हेट करा, नाहीतर फायरवॉल आडवी येते.

जुन्या मशिनवर फुटेजच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग, मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग, आणि परवानगी फक्त वाचण्याची द्या. हे मी मुद्दाम करते. नव्या मशिनवरून फोल्डर उघडून तिकडून माल ओढून घ्यायचा. शेअर फक्त वाचण्यापुरतं असेल, तर इकडून चुकून डिलीट दाबलं तरी जुन्या मशिनवरचं काही हलत नाही. फुटेज लोकांचं आहे, एवढी कडी घातलेली बरी.

नव्या मशिनवर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि जुन्या मशिनचा आयपी टाका. ते नाव आणि पासवर्ड विचारेल. तो जुन्या मशिनवरच्या युजरचा असतो आणि पिन इथे चालत नाही. जुन्या मशिनला पासवर्डच नसेल तर तात्पुरता ठेवा, नवीन विंडोज बिनपासवर्डाचं शेअर सहसा उघडू देत नाही. जुन्या मशिनवर विंडोज एक्सपी असेल तर या वाटेला जाऊच नका. त्याची शेअरिंगची भाषा नव्या विंडोजने सुरक्षेसाठी बंद करून ठेवली आहे. तिथे डिस्क काढणंच बरं.

एक्स्टर्नल डिस्कवरून

दोन मशिनं एका जागी नसतील, तर हाच मार्ग. पंढरपूरचं जुनं मशिन आणि सोलापूरचं नवं, अशा वेळी एसटीतून डिस्कच येते. तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत. फॅट ३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही. डिस्कवर चारशे जीबी मोकळे असताना "फाइल फार मोठी आहे" असं विंडोज म्हणतं, त्याचं कारण हे. विंडोज ते विंडोज असेल तर एनटीएफएस करा. एखाद्या बाजूला मॅक असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॉरमॅट केलं की डिस्कवरचं आधीचं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामी आहे याची खात्री करा.

दुसरी, वेग. खिशात मावणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्का सुरुवातीला छान पळतात आणि काही वेळाने एकदम मंदावतात. त्यांतल्या बऱ्याच डिस्का पट्ट्या एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या असतात, त्यांना सलग लिहिताना दम लागतो. स्वस्त एसएसडीचंही तसंच, तिची वेगवान कॅश भरली की ती हळू होते. डिस्क बिघडली असं समजून केबल उपटू नका.

तिसरी, खोटा माल. ऑनलाइन अगदी कमी पैशांत दोन टीबीचे पेनड्राइव्ह दिसतात. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि विंडोजला दोन टीबी सांगायला शिकवलेलं असतं. कॉपी पूर्ण होते, नावं सगळी दिसतात, आणि फाइल उघडत नाही. नवा ड्राइव्ह वापरण्याआधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या छोट्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून वाचून तपासा. वेळ लागतो, पण लग्नाचं फुटेज त्यावर टाकायचं असेल तर तो द्या.

प्रत्यक्ष कॉपी

कट-पेस्ट करू नका. कायम कॉपी. बार्शीच्या एका फोटोग्राफरने पाचशे जीबीचं फोल्डर कट करून दुसऱ्या डिस्कवर टाकलं आणि मधेच लाइट गेली. कटमध्ये एकेक फाइल तिकडे गेली की इकडची पुसली जाते, त्यामुळे अर्धं लग्न जुन्या डिस्कवर आणि अर्धं नव्यावर, आणि जी फाइल त्या क्षणी जात होती ती अर्धवट. दोन्हीकडे एकाच नावाची फोल्डरं. जुळवायला त्याला किती त्रास झाला ते मी बघितलंय.

लाइटचा भरवसा आपल्याकडे धरू नये. दोन्ही मशिनं यूपीएसवर घ्या, आणि एक्स्टर्नल डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर असेल तर तोही यूपीएसवरच लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप कधीच नाही असं करा आणि लॅपटॉपचं झाकण बंद केल्यावर काही होणार नाही असंही. विंडोज अपडेट आठवडाभर थांबवा, नाहीतर रात्री मशिन आपणहून रीस्टार्ट होतं.

उन्हाळ्यात आणखी एक काळजी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याखालच्या वरच्या मजल्यावर त्याहून जास्त. क्रिस्टलडिस्कइन्फो डिस्कचं तापमानही दाखवतं. सलग कॉपीत ते ५० च्या वर जायला लागलं की मी थांबते, टेबलफॅन डिस्ककडे वळवते आणि ४५ च्या खाली आल्यावर पुढे जाते. डिस्क चादरीवर, गादीवर ठेवू नका, फरशीवर किंवा लाकडी फळीवर उताणी ठेवा. मोठी कॉपी मी रात्री जेवणानंतर लावते. तेव्हा उकाडा कमी असतो आणि आजूबाजूचे माग बंद झाल्यामुळे विजेचा दाबही स्थिर असतो.

शंभर-दीडशे जीबीपर्यंत साधं कॉपी-पेस्ट चालतं. त्यापुढे विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी वापरा. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करावं लागतं म्हणून लोक बिचकतात, पण तिचा गुण असा की मधे अडलं तर तीच ओळ पुन्हा चालवायची, झालेल्या फाइल्स ती सोडून देते आणि राहिलेल्या घेते. ओळीत आधी रोबोकॉपी हा शब्द, मग जुन्या फोल्डरचा पत्ता, मग नव्याचा, दोन्ही अवतरण चिन्हांत, आणि पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नको. त्यानंतर पर्याय, प्रत्येकाआधी स्लॅश. ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामी धरून. आर कोलन दोन आणि डब्ल्यू कोलन पाच म्हणजे फाइल वाचता आली नाही तर दोनदाच प्रयत्न करायचा आणि मधे पाच सेकंद थांबायचं. हे दोन विसरू नका. ते दिले नाहीत तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून, आणि एका खराब फाइलपाशी रात्र जाते. शेवटी लॉग कोलन देऊन एक टेक्स्ट फाइल द्या, म्हणजे काय राहिलं ते सकाळी वाचता येतं.

एमआयआर हा पर्याय मात्र टाळा. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत तो असतो. तो नव्या जागेला जुन्याची हुबेहूब प्रत करतो, म्हणजे नव्या फोल्डरमध्ये जे जास्तीचं असेल ते पुसून टाकतो. पत्ते उलटसुलट झाले तर भरलेलं फोल्डर रिकाम्यासारखं होतं.

पोचलं का ते बघणं

कॉपी झाली असं विंडोज म्हणालं, एवढ्यावर मी कोणाचं लग्न सोडत नाही. कागदावर लिहिलेले आकडे आता काढा. दोन्हीकडच्या फोल्डरांची फाइल-संख्या आणि साइज बाइटपर्यंत जुळली पाहिजे. साइज ऑन डिस्क ही दुसरी ओळ बघू नका, ती डिस्कच्या रचनेप्रमाणे बदलते.

आकडे जुळले म्हणजे आतला मजकूर जुळला असं नाही. त्यासाठी फ्रीफाइलसिंकमध्ये दोन फोल्डर समोरासमोर ठेवून कंटेंटवरून तुलना करायला सांगा. टेराकॉपी वापरली असेल तर तिच्यात कॉपीनंतर पडताळणीचा पर्याय असतो. दोन्हींच्या धंद्यासाठी वापरायच्या अटी वेगळ्या आहेत, त्या वाचून घ्या. ही तुलना दोन्ही डिस्का पुन्हा पूर्ण वाचते, म्हणजे कॉपीइतकाच वेळ आणखी धरा. एकच मोठी फाइल तपासायची असेल तर विंडोजमधल्या सर्टयूटिलने दोन्हीकडे तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, काढा. एक अक्षरही वेगळं आलं तर फाइल वेगळी आहे.

एवढं कशाला, असं लोक विचारतात. माझ्याकडे कितीतरी वर्षांनी माणसं येतात. लग्नात आजोबा दोन शब्द बोलले होते, आता ते नाहीत, तेवढं काढून द्या म्हणतात. तो तुकडा डिलिव्हर केलेल्या व्हिडिओत नसतो, कच्च्या फुटेजमध्ये असतो. ती फाइल उघडली नाही तर समोर बसलेल्या माणसाला द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

प्रोजेक्ट उघडले पाहिजेत

फुटेज पोचलं आणि प्रीमियर लाल पट्टी दाखवत मीडिया ऑफलाइन म्हणतोय, हे फार वेळा होतं. प्रोजेक्ट फाइलमध्ये क्लिपचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. जुन्या मशिनवर फुटेज ई ड्राइव्हवर असेल तर नव्यावरही डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हला ई हेच अक्षर द्या आणि फोल्डरांची नावं बदलू नका. निम्मी कटकट तिथेच संपते. नावं सुधारायची हौस असेल तर सगळे प्रोजेक्ट उघडून बघितल्यानंतर.

कॅमेऱ्याच्या कार्डाची कॉपी असेल तर आतली सगळी फोल्डरं तशीच ठेवा. सोनीच्या कार्डात प्रायव्हेट फोल्डरच्या आत, मग एम-फोर-रूटच्या आत क्लिप असतात, आणि सोबत बारीक एक्सएमएल फाइल्स. नुसत्या क्लिप उचलून बाकी कचरा समजून टाकणारे खूप आहेत. लांब शॉट तुकड्यांत साठवलेला असेल तर ते तुकडे जोडायची माहिती त्याच रचनेत असते.

खोल फोल्डरांचा एक त्रास आहे. पूर्ण पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोज एक्सप्लोरर अडतो. लग्नाच्या फोल्डरला वधू-वरांची पूर्ण नावं, गाव, तारीख, कार्यालय असं सगळं देऊन त्यात आणखी पाच फोल्डरं केली की हे होतं. रोबोकॉपी असे लांब पत्ते नेते. एक्सप्लोररनेच न्यायचं असेल तर वरच्या फोल्डरचं नाव छोटं करा, पण मग क्लिप पुन्हा जोडाव्या लागतील हे लक्षात ठेवा.

आणि फाँट. सोलापुरात एकाच आठवड्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत टायटलं करावी लागतात, आणि आपल्या जुन्या प्रोजेक्टांत युनिकोड नसलेले फाँट भरपूर आहेत. तो फाँट नव्या मशिनवर नसेल तर वधू-वरांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून जुने फाँट आधीच एका फोल्डरमध्ये काढून घ्या. सगळे तिथेच असतात असं नाही. फक्त एका युजरसाठी टाकलेले फाँट त्या युजरच्या ॲपडेटामधल्या लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाँट्स अशा वाटेवर सापडतात. ज्या सॉफ्टवेअरला डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) आहे त्याचा डोंगल जुन्या मशिनच्या मागेच राहतो, तोही आठवणीने काढा. प्लगइन, एलयूटी (रंगछटांच्या तयार फाइल्स), ट्रांझिशनचे प्रीसेट यांची यादी करून ते नव्याने टाका, त्यांचे फोल्डर उचलून ठेवल्याने ते चालतीलच असं नाही.

जुन्या मशिनचं काय

चालू सीझनचं काम नव्या मशिनवर पूर्ण होऊन डिलिव्हरी जाईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका. "जागा अडतीये" म्हणून दुसऱ्याच दिवशी फॉरमॅट मारायची गरज नसते. या काळात प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधल्या पाच-सहा क्लिप उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा, आणि निदान एक जुना प्रोजेक्ट पूर्ण एक्सपोर्ट करा. ज्या फुटेजची फक्त नव्या मशिनवरच प्रत आहे त्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर करा आणि ती डिस्क स्टुडिओत न ठेवता घरी ठेवा. स्टुडिओ आणि घर एकच असेल, माझ्यासारखं, तर भावाकडे किंवा सासरी.

डिस्क ठेवूनच द्यायची असेल तर तिच्यावर चिकटपट्टी लावून आत कुठली वर्षं आहेत ते पेनने लिहा, खोक्यात घाला आणि दर सहा महिन्यांनी एकदा लावून थोडा वेळ चालू द्या.

मशिन विकायचं असेल तर क्विक फॉरमॅटवर विसंबू नका. त्याने फक्त यादी पुसली जाते, फुटेज तिथेच राहतं आणि कोणीही परत काढू शकतो. त्यात लोकांच्या घरच्या बायका-मुलांचे, दागिन्यांचे, पत्त्यांचे व्हिडिओ आहेत. विंडोजच्या रीसेटमध्ये सगळं काढून टाका आणि ड्राइव्ह स्वच्छ करा हे दोन्ही पर्याय निवडा, आणि डी, ई असे बाकीचे ड्राइव्हही त्यात घ्यायला सांगा, नाहीतर तो फक्त सी साफ करतो. मोठ्या हार्ड डिस्कला यात कित्येक तास जातात, तेव्हा हेही यूपीएसवर आणि रात्रीच लावा. गिऱ्हाईक दारात उभं असेल तर डिस्क काढून घेऊन मशिन बिनडिस्कचं विका, थोडे पैसे कमी येतील.